उधारी, चेक, कामगार आणि बाबांची डायरी: छोट्या धंद्यातलं तारखांचं गणित

आधीच सांगतो, मी वकील नाहीये. इंदूरच्या सांवेर रोडला पुठ्ठ्याचे खोके बनवायचं छोटं युनिट आहे, तेवीस वर्षं झाली, गिऱ्हाईक बहुतेक नमकीनवाले आणि मसालेवाले. एवढ्या वर्षांत कोर्टाची पायरी मोजून तीनदा चढलो, आणि तिन्ही वेळा वकिलाने पहिला प्रश्न एकच विचारला, "तारीख कोणती?" किती पैसे अडकले, समोरचा किती नालायक आहे, त्याने काय काय शब्द दिला होता, हे सगळं नंतर. तेव्हापासून गणपतीत मंडळात कोणी ना कोणी कोपऱ्यात गाठून विचारतं, अरे आमचा चेक परत आलाय, अरे तो पोरगा काम सोडून गेला आणि आता पैसे मागतोय, तर म्हटलं एकदा बसून सगळं टाइप करून टाकू.

चेकपासून सुरू करतो कारण माझा स्वतःचा हात तिथेच पोळला. दिवाळीच्या तोंडावर एका पार्टीने एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचा चेक दिला, तारीख १२ ऑक्टोबर. बँकेत टाकला, १८ तारखेला परत. सोबत ती बारकी चिठ्ठी येते ना, रिटर्न मेमो, त्यात कारणांच्या यादीत "फंड्स इनसफिशियंट"च्या पुढे टिक. मी फोन केला तर, "भिया, दो दिन रुक जाओ, दिवाली का माल निकल जाने दो." दोन दिवस थांबलो. मग भाऊबीज झाली, मग त्यांच्याकडे लग्न निघालं, मग ते बाहेरगावी, आणि असं करता करता २२ नोव्हेंबरला मी वकिलाकडे पोचलो. त्यांनी मेमो हातात घेतला, तारीख बघितली, बोटांवर मोजलं आणि मेमो माझ्याकडे सरकवला. पस्तीस दिवस झाले होते.

तर नियम असा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८. चेक परत आल्याचं बँकेने कळवलं की त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवायची, की बाबा एवढी रक्कम दे. नोटीस समोरच्याला मिळाली की त्याला १५ दिवस. त्या १५ दिवसांत पैसे आले तर विषय संपला. नाही आले तर सोळाव्या दिवसापासून एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला आणि कारण खरंच पटण्यासारखं असेल तर कोर्ट माफ करू शकतं, पण नोटिशीचे ते पहिले ३० दिवस गेले की गेले, तिथे कोणाचं काही चालत नाही. आणि आपले लोक नेमके तिथेच गोड बोलण्यात अडकतात. पुढच्या माणसालाही हे गणित पक्कं माहीत असतं बरं का, उगाच नाही तो दो दिन दो दिन करत.

मी वाचलो ते एका गोष्टीमुळे. चेक त्याच्यावरच्या तारखेपासून ३ महिने चालतो (पूर्वी सहा महिने होता, २०१२ पासून तीन झाला) आणि त्या मुदतीत तो पुन्हा बँकेत टाकता येतो. पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून नवे ३० दिवस मोजता येतात, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच हे मान्य केलंय. माझ्या चेकवर १२ ऑक्टोबर होती म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जीव होता त्यात. २५ नोव्हेंबरला पुन्हा टाकला, दुसऱ्या दिवशी परत, चारच दिवसांत नोटीस स्पीड पोस्टने रवाना. पैसे आले चौदाव्या दिवशी. चौदाव्या! म्हणजे मोजत होता तो पण.

यात काही बारीक गोष्टी आहेत ज्या माणूस चुकतो. नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट लिहून मागायची, व्याज खर्च वगैरे मागायचंच असेल तर वेगळं दाखवायचं, सगळं एकात घोळून मोठा आकडा टाकला की पुढे समोरच्याच्या वकिलाला बोलायला जागा मिळते. पत्ता बिलावरचा, जीएसटीवरचा आणि घरचा, तिन्हीकडे पाठवा. पाकीट "लेने से इनकार" शेरा मारून परत आलं तर नाराज होऊ नका, बरोबर पत्त्यावर पाठवलं होतं तर ती पोचल्यातच जमा धरतात, ते बंद पाकीट न फोडता तसंच ठेवायचं. चेक "स्टॉप पेमेंट" म्हणून किंवा खातं बंद म्हणून परत आला तरी कलम १३८ लागू होऊ शकतं. आणि केस कुठे चालेल तर जिथे तुमचं खातं आहे त्या शाखेच्या भागात, २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे साफ झालंय, म्हणजे पार्टी रतलामची असली तरी तुम्हाला रतलामच्या चकरा मारायच्या नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो अर्ध्या पैशात. पार्टीने दीड लाखाचा चेक दिला, मधेच पन्नास हजार यूपीआय केले, आणि तुम्ही तोच दीड लाखाचा चेक बँकेत टाकला. परत आला तर १३८ ची केस लंगडी पडते, कारण चेक बँकेत टाकला त्या दिवशी देणं दीड लाख उरलंच नव्हतं. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. एक तर मिळालेल्या पैशाची चेकवरच नोंद करून उरलेल्या रकमेसाठी टाका, नाहीतर सरळ जुना चेक परत करून उरलेल्या रकमेचा नवा घ्या. नवा घेणं सोपं.

चेकच नसेल, नुसती उधारी असेल तर? मग मोठं घड्याळ तीन वर्षांचं. माल दिल्यापासून, किंवा उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून ३ वर्षांत दिवाणी दावा लावायचा. या तीन वर्षांच्या आत समोरच्याने सही करून कबूल केलं की हो एवढं देणं आहे, तर त्या सहीपासून पुन्हा तीन वर्षं. म्हणून मी दर एप्रिलमध्ये सगळ्या पार्ट्यांना लेजर, म्हणजे त्यांचा खातेउतारा, काढून पाठवतो, खाली एक ओळ, "वरील बाकी बरोबर आहे", सही-शिक्का करून परत द्या. निम्मे लोक देतात, त्यांच्या सीएला पण ते लागतंच. जो सही करायला टाळाटाळ करतो त्याचा पुढचा माल मी रोखीत देतो, एवढं साधं. व्हॉट्सॅपवरचे "हो दादा पुढच्या आठवड्यात करतो" हे मेसेज पण उडवू नका, फोन बदलताना नीट घ्या, पण त्याच्या भरवशावर सहीचा कागद सोडू नका.

आता उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. खूप जण करून घेतात आणि सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावतात, उपयोग मात्र करत नाहीत. नोंदणी फुकट आहे, सरकारी साइटवर आधार-पॅनने होते, हजार दोन हजार घेणारे एजंट आहेत त्यांना देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे खरेदीदाराने ठरल्या तारखेला पैसे द्यायचे आणि ती तारीख काही झालं तरी ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. काही ठरलंच नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण महिन्या महिन्याला चक्रवाढ. ऑनलाइन अर्ज टाकला की प्रकरण राज्याच्या फॅसिलिटेशन काउन्सिलकडे (अशा थकलेल्या पैशांचे वाद बघणारं मंडळ) जातं. पण गंमत अशी की हे माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना. सियागंजच्या बाजारात बसून नुसता घेऊन-विकायचा व्यापार असेल तर उद्यम नंबर मिळतो, तो बँकेच्या कर्जापुरता, या व्याजाच्या भांडणात तो कामी येत नाही. आणि नंबर आधी, माल नंतर. भांडण झाल्यावर नोंदणी करून मागचे पैसे मागायला गेलात तर तिथेच वाद सुरू होतो.

खरं सांगू, मी काउन्सिलपर्यंत एकदाही गेलो नाही. बिलावर उद्यम नंबर ठळक छापला आणि खाली लिहिलं की ४५ दिवसांत पैसे न आल्यास खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात हा खर्च वजा मिळणार नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून हा नियम आलाय, मुदतीत न दिलेले पैसे ज्या वर्षी खरोखर देतील त्याच वर्षी वजा मिळतात. मार्च जवळ आला की मोठ्या पार्ट्यांचे मुनीम आपणहून फोन करतात हल्ली. जे काम माझ्या आर्जवांनी झालं नाही ते त्यांच्या सीएच्या भीतीने होतं.

कामगारांकडे येतो. आमच्याकडे अकरा जण आहेत, आणि दहाचा आकडा मोठा लबाड आहे. दहा झाले की ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), दहा झाले की ग्रॅच्युइटी (जुना माणूस जाताना मालकाने द्यायची रक्कम), दहा झाले की महिलांच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती. पीएफ मात्र वीस झाल्यावर. लोक काय करतात, नऊ जण रजिस्टरवर आणि चार जण "ते तर भाऊच आहे, असाच येतो". अपघात झाला की तो भाऊ सगळ्यात आधी कामगार होतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एकाचं बोट स्लॉटिंग मशीनमध्ये गेलं, नाव कुठेच नव्हतं, उपचाराचा सगळा खर्च मालकाच्या खिशातून गेला आणि वर भरपाई वेगळी. त्याच महिन्यात आमच्या एका मुलाचा हात भाजला तर नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये सगळं झालं, मला फक्त कागद द्यावे लागले. पगार २१,००० पर्यंत असेल तर मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के, एवढाच खर्च आहे, आणि आकडा पुन्हा दहाच्या खाली आला तरी एकदा लागू झालेलं ईएसआय आणि ग्रॅच्युइटी सुटत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात छोट्या मालकाने लगेच बघायच्या गोष्टी म्हणजे नियुक्तिपत्र सगळ्यांना द्यायचं, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, आणि माणूस काम सोडून गेला किंवा तुम्ही काढला तर त्याचा पगाराचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत. तो दोन दिवसांचा नियम वाचून आमच्या लाइनमधले सगळे हादरलेत, कारण "दहा तारखेला ये, बघू" ही आपली जुनी पद्धत. पगारात मूळ वेतन अगदी बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायची चलाखी पण आता जमत नाही, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरतात.

नियुक्तिपत्र म्हणजे घाबरू नका, एक पान. हिंदीत लिहा, कारण तो हिंदीच वाचणार, इंग्रजीत दिलं आणि त्याने न वाचता सही केली तर त्याचा उपयोग तुम्हालाही नाही. नाव, काम, पगार किती आणि कसा, कामाची वेळ, सुट्टी, रुजू झाल्याची तारीख. दोन प्रती, एक त्याला. ती रुजू झाल्याची तारीख तुम्हाला पुढे ग्रॅच्युइटीला लागते. पाच वर्षं सलग झाली की शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. आमचा एक जुना ऑपरेटर बारा वर्षांनी गेला, वेतन १८,०००, हिशोब आला १,२४,६१५ रुपये. ऐकून माझ्या बायकोचा चहा थंड झाला. पण ते त्याचं होतं आणि आम्ही बाजूला काढून ठेवलं नव्हतं ही आमची चूक. आता दर मार्चला प्रत्येकाच्या नावापुढे आकडा लिहून तेवढे पैसे एफडीत टाकतो. मृत्यू झाला तर पाच वर्षांची अट नसते, हे पण लक्षात असू द्या. ठरावीक मुदतीच्या करारावर ठेवलेल्याला तर आता एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटी लागू होते.

ॲडव्हान्सबद्दल एक. लग्न, आजारपण, गावाकडचं घर, पैसे मागितले की आपण देतो, द्यावेत पण. पण वहीत नुसतं "५०००" लिहून ठेवता ना, त्याला काही अर्थ नसतो. एकाला मी वेगवेगळ्या वेळी मिळून बावीस हजार दिले होते, जाताना तो म्हणाला दहा घेतले होते, आणि खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही, त्याला तेवढंच आठवत होतं. व्हाउचर करा, तारीख, रक्कम, सही किंवा अंगठा, आणि त्याच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवा. शक्यतो खात्यात टाका. कापताना पण एकदम सगळं कापता येत नाही, एका महिन्यात सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याच्या पुढे जात नाहीत.

बायका काम करत असतील तर समितीचं टाळू नका. दहा किंवा जास्त माणसं (बायकाच नव्हे, एकूण) असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष तुमच्याच इथली वरिष्ठ बाई, एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. समिती न केल्याचा दंड पन्नास हजारांपर्यंत आहे. आमच्याकडे पॅकिंगला तीन बायका आहेत, त्यांना नावं आणि नंबर लिहून दिलेत, भिंतीवर पण लावलेत.

किरायाचं थोडक्यात. गोडाउन किंवा घर द्यायचं तर ११ महिन्यांचा करार यासाठी करतात की एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार रजिस्टर करावाच लागतो. रजिस्टर न केलेला तीन वर्षांचा कागद कोर्टात मुदतीचा पुरावा म्हणून धरत नाहीत. मोठा माल ठेवायचा असेल, मशीन बसवायचं असेल, तर किरायेदाराने स्वतःच हट्ट धरून रजिस्टर करून घ्यावं, नाहीतर अकरा महिन्यांनी मशीन उचलून कुठे नेणार.

भागीदारी. दोन भाऊ किंवा दोन मित्र, कागद केला असेल तरी फर्म रजिस्ट्रारकडे नोंदली नाही तर फर्मच्या नावाने गिऱ्हाइकावर पैशाचा दावा लावता येत नाही, भागीदारी कायदा १९३२, कलम ६९. समोरचा मात्र तुमच्यावर लावू शकतो. हे एकच वाक्य ऐकून आमच्या ओळखीचे दोघं दुसऱ्याच दिवशी सीएकडे पळाले.

आणि आता घर, कारण छोट्या धंद्यात घर आणि धंदा वेगळे नसतातच. बाबा गेले तेव्हा त्यांच्या निळ्या डायरीत एक पान सापडलं, "शेड धाकट्याने चालवावी, घर दोघांचं", खाली सही, तारीख. आम्ही धरून चाललो की हे मृत्युपत्र. नव्हतं. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही, हाताने लिहिलेलं चालतं, पण दोन साक्षीदारांनी सही करताना बघून त्यांनीही सही केलेली पाहिजे. डायरीत साक्षीदार कोण, तर पुढच्या पानावरची किराण्याची यादी. शेवटी ताईने आणि आईने रजिस्टर हक्कत्याग केला म्हणून निभावलं. त्या दोघी नाही म्हणाल्या असत्या तर त्यांचा हक्क होता, पूर्ण होता.

हे लोकांना खरंच माहीत नसतं. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याचं सगळं बायको, मुलगे, मुली आणि आई यांच्यात सारखं वाटलं जातं. आई! मंडळातल्या एकाचा धाकटा भाऊ गेला, फ्लॅट त्याच्या नावावर, वहिनीला वाटलं आता आपला. बायको, दोन मुलं आणि म्हातारी सासू, चौघांना चौथा चौथा हिस्सा. वडील हयात असते तर त्यांना काही नाही, आईला मात्र बरोबरीचा. मुलं लहान, म्हणून त्यांचा हिस्सा विकायला जिल्हा कोर्टाची परवानगी. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मापासून हक्क आहे आणि २००५ ला कायदा बदलला तेव्हा वडील जिवंत होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं केलंय, त्यामुळे "लग्नात सगळं दिलं की" हे वाक्य बंद करा.

नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक सुटली, पण नॉमिनीने ते वारसांचे म्हणून सांभाळायचे असतात. शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, लावा, पण त्याने मृत्युपत्राचं काम होत नाही.

साक्षीदार निवडताना आपले लोक वयाने मोठ्ठे काका शोधतात, मान म्हणून. पुढे कोर्टात सिद्ध करायची वेळ आली तर एक तरी साक्षीदार उभा राहायला लागतो, तेव्हा काका कुठून आणणार? तुमच्यापेक्षा लहान, इंदुरातच राहणारे, आणि ज्यांना त्यात काही मिळत नाही असे घ्या. मुंबईचे नातेवाईक प्रोबेट प्रोबेट (म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) करून घाबरवतील, पण हिंदूने इंदुरात केलेल्या, इंदूरच्याच मालमत्तेच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नाही. रजिस्टर करायचंच असेल तर करून टाका, नंतर भांडणारा थोडा कमी भांडतो. आणि मूळ कागद स्वतःच्या एकट्याच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तो लॉकर उघडायलाच आधी बँक वारसांचे कागद मागत बसते. आमचं आता घरच्या लोखंडी कपाटात, हिच्या पैठणीच्या खाली आहे, आणि दोन्ही मुलींना माहितीये.